पिवळ्या वायरीकडून किती मागायचं?

गाडीतला जुना स्टिरिओ बाहेर ओढला की त्याच्यामागून वायरींचा झुबका येतो. दोन कपलर, डझनभर रंग आणि आधी कुणीतरी गुंडाळलेली, उन्हाने पाघळून हाताला चिकटणारी काळी टेप. या झुबक्यातल्या एका वायरीवर चावी काढली तरी बारा व्होल्ट असतात. ती सापडली की भलताच आनंद होतो. हिच्यावर छोटा कॉम्प्युटर चालवू, डिकीत अँप्लिफायर टाकू, वूफर लावू, असे बेत अर्धा डॅशबोर्ड उघडा असतानाच शिजायला लागतात.

बारा व्होल्ट सापडणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. गाडीत ते पन्नास ठिकाणी सापडतात. विचारायचे प्रश्न दोन आहेत. ही वायर किती अँपिअर सोसेल? आणि ती कधी जिवंत असते, कधी नसते? अँप्लिफायरची बहुतेक दुखणी पहिल्या प्रश्नातून निघतात, कॉम्प्युटरची दुसऱ्यातून. मी दोन्ही न विचारता सुरुवात केली होती. पहिल्या खेपेला फ्यूज उडत राहिले. दुसऱ्या खेपेला चार दिवसांनी गावाहून परतलो तर गाडी सेल्फच घेईना. वॉचमनसकट तिघांनी ढकलली तेव्हा सुरू झाली.

पुढचा हिशेब एका साध्या पेट्रोल हॅचबॅकचा धरू. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, डॅशबोर्डमध्ये रास्पबेरी पाय (तळहाताएवढा, एका बोर्डावरचा कॉम्प्युटर) आणि सात इंची टचस्क्रीन, डिकीत ४०० वॅटचा क्लास डी अँप्लिफायर.

झुबक्यात कोण कोण असतं

बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या वायरींचे रंग जवळपास ठरलेले आहेत. पिवळी बॅटरीकडून थेट, कायम चालू. लाल वायर चावी एसीसीवर, म्हणजे इंजिन सुरू न करता रेडिओ चालतो त्या खाचेवर, आणली की चालू. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या बॉडीला जोडलेला मायनस. निळ्यावर पांढरा पट्टा असलेली वायर अँप्लिफायरला उठवते. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या जोड्या चार स्पीकरच्या. पण हे रंग स्टिरिओच्या बाजूचे. कपलरच्या पलीकडे, गाडीच्या बाजूला, प्रत्येक कंपनीचा आपापला रंगपंचमीचा नियम. काही गाड्यांत तर पिवळी आणि लाल यांच्या कपलरमधल्या जागाच उलट असतात. मग नवा स्टिरिओ दर वेळी चावी काढली की घड्याळ आणि स्टेशनं विसरतो, आणि दुकानदाराशी भांडण होतं.

म्हणून रंगावर विश्वास ठेवायचा नाही, मीटर लावायचा. चावी काढून, एसीसीवर, ऑनवर आणि सेल्फ मारताना. चारही वेळचे आकडे कागदावर लिहून ठेवायचे, ते पुढे लागणार आहेत.

मीटरची एक खोड मात्र माहीत हवी. तो वायरीकडून करंट जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आतून गंजलेली, दोनच तारांवर तग धरून असलेली वायरसुद्धा त्याला ऐटीत १२.४ व्होल्ट दाखवते. जुने ऑटो इलेक्ट्रिशियन इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून खिशात बाळगतात, तो उगाच नाही. तो बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. वायर खरंच धड असेल तर लख्ख पेटतो, नसेल तर मिणमिणतो. मी दोन्ही वापरतो, आणि दोघांचं पटलं नाही तर बल्बाचं ऐकतो.

आणि स्टिअरिंगखाली किंवा डॅशबोर्डच्या आत पिवळं कपलर, पिवळ्या नळीतली वायर दिसली तर तिला मीटरही लावू नका, बल्ब तर नाहीच. ती एअरबॅगची.

तांब्याचा हिशेब

एक आकडा लक्षात ठेवला की या विषयातलं अर्धं गणित हातात येतं. एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या, म्हणजे दुकानात ज्याला ‘एक एमएमची वायर’ म्हणतात तिच्या, एक मीटर लांबीचा रोध सुमारे १७ मिलिओहम असतो. जाडी दुप्पट केली तर रोध निम्मा, लांबी दुप्पट केली तर रोध दुप्पट.

आता आपला ४०० वॅटचा अँप्लिफायर घ्या. क्लास डी जातीचा अँप्लिफायर घेतलेल्या विजेतली साधारण ८० टक्के स्पीकरला देतो, उरलेली उष्णता म्हणून घालवतो. म्हणजे ४०० वॅट द्यायला त्याला ५०० वॅट लागतात. इंजिन चालू असताना गाडीत १३.८ व्होल्ट धरले तर हे झाले ३६ अँपिअर. जुन्या धाटणीचा क्लास एबी असेल तर तेवढ्याच आवाजासाठी पन्नासच्या वर जातील.

हे ३६ अँपिअर स्टिरिओमागच्या एक एमएमच्या वायरीतून डिकीपर्यंत, पाच मीटर, न्यायचे ठरवले तर? रोध झाला ८६ मिलिओहम. वायरीतच तीन व्होल्ट गळाले, अँप्लिफायरपर्यंत पोचले पावणेअकरा. आणि गळालेल्या व्होल्टांचं काय होतं? त्यांची उष्णता होते, १११ वॅट. पाच मीटरमध्ये वाटली तर दर मीटरला २२ वॅट. आपण सोल्डरिंगला वापरतो ती साधी इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे कार्पेटखाली, सीटच्या फोमला लागून, टोकाला टोक जोडून पाच सोल्डरिंग इस्त्र्या चालू ठेवल्यासारखंच.

तेच १६ एमएमच्या वायरीतून नेलं तर गळती ०.२ व्होल्टच्या आत आणि उष्णता सगळ्या लांबीत मिळून सात वॅट. हाताला कळणारही नाही.

गाण्यात सतत पूर्ण ताकद लागत नाही हे खरं. सरासरी करंट सहसा याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतो. पण ढोलाचा ठोका येतो त्या क्षणी पूर्ण मागणी येते, आणि त्याच क्षणी व्होल्ट पडले तर ठोका पसरट, बसका ऐकू येतो. हेडलाइटही गाण्याच्या तालावर मिचकायला लागतात. पुष्कळजण अशा वेळी एक फॅरडचा चकचकीत कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटकन परत देणारा डबा, विकत घेतात. त्याचा हिशेब सांगतो. १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत तो २६ ज्यूल देतो. ५०० वॅटची भूक असलेला अँप्लिफायर ते सेकंदाच्या विसाव्या भागात फस्त करतो. त्या पैशांत जाड तांबं येतं.

फ्यूज खरं बोलतो

वरच्या उदाहरणात प्रत्यक्षात वायर तापण्याआधी फ्यूज उडेल, कारण स्टिरिओच्या वायरीला बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. लाल रंगाचा दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तिसाचा. हे रंग मात्र सगळ्या गाड्यांत सारखे.

गोष्ट बिघडते ती यानंतर. निळा उडाला, म्हणून कुणीतरी हिरवा लावतो. आता फ्यूज उडत नाही. गाणी वाजतात, सगळे खूश. फ्यूज अँप्लिफायरला वाचवायला बसवलाय असा समज यामागे असतो. अँप्लिफायरचा स्वतःचा फ्यूज त्याच्या पाठीवर असतोच. गाडीच्या फ्यूज बॉक्समधला फ्यूज वायरीसाठी आहे. कारखान्यात वायरीची जाडी बघून त्याचा आकडा ठरतो. पंधराच्या वायरीला तीसचा फ्यूज लावला की त्या साखळीतली सगळ्यात नाजूक कडी ती वायर होते, आणि ती डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिकच्या शेजारी असते.

फ्यूज फार चोखंदळ असतो असंही नाही. पंधराचा फ्यूज साडेसोळा अँपिअर तासन्‌तास सहन करतो, दुप्पट झाले की काही सेकंदांत तुटतो. त्यामुळे ‘अजून उडाला नाही’ याचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असा होत नाही.

फ्यूज खरं बोलतो याचा खरेदीतही उपयोग होतो. स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेलं असतं, म्हणजे २०० वॅट. मागे फ्यूज बघा, दहाचा. १४.४ गुणिले १० म्हणजे १४४ वॅट घेणारा डबा २०० देणार कसा? ते ५० येतात कुठून तेही गमतीचं आहे. १४.४ चा वर्ग भागिले स्पीकरचे ४ ओहम, उत्तर ५१.८. म्हणजे स्पीकरला अक्षरशः बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज आलटून पालटून लावलं तर. ते संगीत नसतं, करवत असते. स्वच्छ सुराला त्याच्या निम्मं, २६ वॅट, मिळतं. अँप्लिफायरचंही तसंच. खोक्यावर १५०० वॅट आणि पाठीवर तीसचा एकच फ्यूज असेल तर ३० गुणिले १३.८ गुणिले ०.८, साधारण ३३० वॅटचा माल आहे असं समजून भाव करा.

मग जुनी वायरिंग काय कामाची? अँप्लिफायरच्या बाबतीत फक्त निरोप द्यायच्या कामाची. त्याला उठवणाऱ्या निळ्या-पांढऱ्या वायरीतून मोजके मिलिअँपिअर वाहतात, तेवढं एसीसीची वायर हसत देईल. दारांतल्या स्पीकरच्या मूळ वायरीही ठेवता येतात. ४ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायला साडेतीन अँपिअर पुरतात, आणि दाराच्या रबरी नळीतून नवी वायर ओवणं हा ज्याचा रविवार मोकळा आहे त्यानेच करायचा उद्योग आहे. सगळा भार मात्र नव्या, जाड, बॅटरीपासून निघालेल्या वायरीवर.

मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, लावला की हीच वाटणी आणखी जड वस्तूंनाही करता येते. रिलेवर ८५, ८६, ३० आणि ८७ असे आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ मध्ये गुंडाळी, ती दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेते. एसीसीची लाल वायर तेवढंच काम करते. ३० ला बॅटरीकडची जाड वायर, ८७ मधून ती पुढे जाते. हे आकडे एका जर्मन मानकातून आले आणि जगभर रुळले, त्यामुळे रिले कुठल्याही दुकानातला घेतला तरी जोडणी तीच.

कॉम्प्युटरची झोप

कॉम्प्युटर भुकेला नाही. रास्पबेरी पाय ५ चा अधिकृत चार्जर २७ वॅटचा. स्क्रीन आणि बाराचे पाच व्होल्ट करतानाची गळती धरून गाडीकडून तीन अँपिअर मागेल. जुना स्टिरिओ काढून टाकला असेल तर त्याच्याच १० किंवा १५ अँपिअरच्या वायरीवर हा आरामात बसतो. मूळ वायरिंग वापरायची तर इथेच वापरावी. लायटरचं सॉकेटही चालेल, त्याच्या झाकणावर बहुतेक वेळा १२० वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे दहा अँपिअर. पण तिथला संपर्क स्प्रिंगचा. आपल्या रस्त्यांवर प्लग हळूहळू बाहेर सरकतो आणि एखाद्या खड्ड्यात कॉम्प्युटर बंद पडतो. निदानाचं ओबीडी सॉकेट स्टिअरिंगखाली अगदी हाताशी असतं, त्याच्या सोळाव्या पिनेवर कायमचे बारा व्होल्टही असतात, पण ते मेकॅनिकच्या यंत्रासाठी आहे. त्याला नांदू द्या.

लॅपटॉपच्या जातीचा, १९ व्होल्टवर चालणारा छोटा पीसी लावायचा असेल तर पुष्कळजण इन्व्हर्टर घेतात. बाराचे २३० करायचे, मग चार्जर लावून २३० चे १९ करायचे. हे मुंबईहून नाशिकमार्गे पुण्याला जाण्यासारखं झालं, वाटेत दोनदा टोल. बारावरून थेट १९ देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो घ्या.

खरी अडचण वेळेची. चावीच्या खाचा आठवा: लॉक, एसीसी, ऑन, स्टार्ट. चावी स्टार्टवर नेली की बहुतेक गाड्या एसीसीची लाइन मुद्दाम तोडतात, म्हणजे सगळी ताकद सेल्फला मिळेल. रेडिओ क्षणभर बंद पडतो तो यामुळेच. रेडिओला काही होत नाही. कॉम्प्युटर मात्र त्या क्षणी मेमरी कार्डावर काहीतरी लिहीत असतो. अशा दहा-वीस सकाळी झाल्या की एक दिवस तो उठतच नाही, आणि कार्ड पुन्हा भरायला लागतं. संध्याकाळी चावी काढली की तेच. घरातल्या कॉम्प्युटरचा प्लग रोज दोनदा उपटण्यासारखं हे आहे.

म्हणून कॉम्प्युटरला जेवण पिवळ्या वायरीवरून द्यायचं आणि लाल वायरीचा उपयोग फक्त घंटा म्हणून करायचा. लाल चालू झाली की उठ. लाल गेली की दहा सेकंद थांब, कारण कदाचित फक्त सेल्फ मारला जातोय. तरीही नसेल तर रीतसर बंद हो. मिनिटभराने पिवळीही तोडायची, म्हणजे निजलेला कॉम्प्युटर रात्रभर बॅटरी चघळत बसणार नाही. गाडीसाठीच बनवलेले पॉवर सप्लाय हे सगळं आतच करतात, त्यातल्या चांगल्यांचा इनपुट ६ ते ३० व्होल्ट असतो. स्वतः जुळवायचं असेल तर एक टायमर, एक रिले आणि लाल वायरीचा निरोप पायच्या पिनेला देण्यासाठी एक ऑप्टोकप्लर, जो दोन्ही बाजू विजेने न जोडता प्रकाशाने निरोप पोचवतो. त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. तिथे थेट बारा व्होल्ट लावले तर पाय दुसरी संधी देत नाही.

शेवटचं तोडणं विसरलं तर काय होतं त्याचा हिशेब म्हणजे माझी दुसरी खेप. नुसता बसून राहिलेला बोर्ड तीन वॅट खात असेल तर ते बारा व्होल्टला पाव अँपिअर. दिवसाला सहा अँपिअर-तास. पस्तीसच्या बॅटरीतले निम्मे उतरले की सेल्फ रडायला लागतो, म्हणजे तीन दिवस. मी चार दिवसांनी आलो होतो.

गाडीतले बारा व्होल्ट हे बारा नसतातच, हेही कन्व्हर्टर घेताना लक्षात ठेवावं लागतं. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. सेल्फ मारताना दहाच्या खाली, बॅटरी म्हातारी असेल तर आठच्याही खाली. आणि कधीतरी, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा जनरेटर) जोरात चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल सुटलं, तर सेकंदाच्या काही दशांश भागापुरता शंभर व्होल्टांच्या घरातला फटका. याला लोड डंप म्हणतात. अल्टरनेटरमध्येच त्याचा बंदोबस्त असेल तर तो पस्तीसच्या आसपास अडवला जातो. आपल्याकडे टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली आणि नट सैल असलेल्या गाड्या किती फिरतात ते कुठल्याही पार्किंगमध्ये दिसेल. ‘अल्टरनेटर चार्ज करतोय का’ हे बघायला चालू गाडीची बॅटरीची वायर काढून दाखवणारे मेकॅनिकही अजून आहेत. जुन्या गाडीत ते खपून जायचं. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर असेल तर त्यांचा हात धरा.

पुण्याच्या टपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अगदी स्वस्तात मिळणारा निळा एलएम२५९६ मोड्यूल या सगळ्यात कुठे बसतो? त्याची कमाल ३ अँपिअर आणि ४० व्होल्ट. पाय ५ ला तो अपुराच. पाय ४ ला कागदावर पुरतो, पण सतत तीनवर ठेवला तर चटके देतो. ४० व्होल्टची मर्यादा म्हणजे लोड डंपला उघडी छाती. पुढे एक टीव्हीएस डायोड, म्हणजे जादा व्होल्टचा फटका स्वतःवर घेणारा भाग, आणि एक फ्यूज लावला तर काम भागतं. मी पाच अँपिअरचा, गाडीसाठीच बनवलेला, पूर्ण बंद धातूच्या डब्यातला कन्व्हर्टर घेतला. महाग पडला. झोप शांत लागते.

आणि तो डबा कॉम्प्युटरच्या अगदी शेजारी ठेवा. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण पायच्या स्क्रीनवर वीज कोसळल्याचं चिन्ह दिसतं त्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. पाच व्होल्ट एक मीटर नेताना, ०.२ एमएमच्या तारेच्या केबलमधून, जाऊन-येऊन, तीन अँपिअरवर अर्धा व्होल्ट गळतो. ५.१ चे राहिले ४.६. पाय ४.६३ च्या खाली गेलं की तक्रार करतो. बारा व्होल्टच्या बाजूला अर्धा व्होल्ट गळला तर कुणाचं काही जात नाही, पाचच्या बाजूला तोच जिवावर बेततो. लांबचा प्रवास बारानेच करायचा.

जागा निवडताना ऊन विसरू नका. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेववत नाही, आणि पायची चिप ८० अंशांच्या पुढे स्वतःच हळू व्हायला लागते. सीटखाली ठेवा. कोकणात मात्र सीटखाली पावसाळ्यात पाणी साचत नाही ना, हे आधी बघा.

अँप्लिफायरची वायर

बॅटरीच्या प्लसवर लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी, तिथून नवी वायर. बॅटरीपासून एका हाताच्या आत मोठा फ्यूज. जगभरचे कार ऑडिओवाले अठरा इंच सांगतात, आणि आपल्या जुन्या मापात एक हात म्हणजे अठराच इंच. एवढी घाई अशासाठी की फ्यूजच्या अलीकडची वायर उघडी पडून पत्र्याला टेकली तर तिला अडवणारं काहीच नाही, बॅटरी शेकडो अँपिअर देते आणि वायर लाल होते. ३६ अँपिअरच्या अँप्लिफायरला १६ एमएमची वायर आणि साठचा फ्यूज ठीक.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर काढताना रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी कडी, हवाच. पत्र्याची कड ब्लेडसारखी असते आणि इंजिन दिवसभर थरथरत असतं. ग्रोमेट दहा-वीस रुपयांचा, नाना पेठेत ढिगाने. तो नाही म्हणून नुसती टेप गुंडाळून वायर ढकललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

वायर घेताना एक तार नखाने किंवा ब्लेडने खरवडून बघा. वर तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि दाबून बसवलेला जोड पुढे सैल पडतो. वर पांढरी आणि आत तांबूस निघाली तर उलट चांगलं, ते कल्हई केलेलं तांबं. ‘अँप्लिफायर किट’ म्हणून मिळणाऱ्या जाडजूड पारदर्शक वायरींमध्ये धातूपेक्षा प्लास्टिकच जास्त असतं, हेही कापलेल्या टोकाकडे बघितलं की कळतं. घरच्या वायरिंगचं १६ एमएमचं तांबं प्रामाणिक असतं. फक्त त्याचं साधं वेष्टण ७० अंशांपर्यंतचं, म्हणून इंजिनाजवळ त्यावर उष्णता सोसणारी नळी चढवावी.

परतीची वाट लोक विसरतात. जेवढे अँपिअर प्लसमधून जातात तेवढेच बॉडीमधून परत येतात. डिकीत बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा, लग आवळायचा, वर ग्रीस लावायचं. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरायचा नाही, त्याचं काम वेगळं आहे. आणि बॅटरीच्या मायनसकडून बॉडीला जाणारी पट्टी बघा. दहा-बारा वर्षांच्या गाडीत ती हिरवी पडलेली असते. तिथे अडलं तर डिकीतलं सोळा एमएमचं तांबं वाया.

ती शिट्टी

सगळं जोडलं, गाणं लावलं, आणि मागे बारीक शिट्टी ऐकू येते. रेस दिली की चढते, पाय काढला की उतरते. ही अल्टरनेटरची सही आहे. अल्टरनेटर एसी बनवून डायोडने तिचं डीसी करतो, पण त्यावर बारीक लाटा उरतात. इंजिन ८०० फेऱ्यांवर, पुलीमुळे अल्टरनेटर अडीचपट वेगाने म्हणजे २०००, रोटरला सहा ध्रुवजोड्या, आणि प्रत्येक आवर्तनाला सहा लाटा. गुणाकार केला की सेकंदाला १२००. रेस दिली की दोन-तीन हजार. माणसाचा कान नेमका इथे सगळ्यात तिखट.

ती स्पीकरपर्यंत पोचते कशी? कॉम्प्युटरचा अर्थ डॅशबोर्डमागे, अँप्लिफायरचा डिकीत. या दोन बिंदूंमध्ये बॉडीतून करंट वाहतो, त्यामुळे त्यांच्यात काही मिलिव्होल्टांचा फरक असतो आणि तो अल्टरनेटरच्या लाटांबरोबर हलतो. दोघांना जोडणारी ऑडिओ केबल आहेच. तिच्या वरच्या जाळीतून हा फरक सुटायला बघतो, आणि अँप्लिफायर बिचारा त्यालाच गाणं समजून वाढवतो.

इलाज स्वस्तातून महागाकडे असा करत जावा. आधी अर्थचे बोल्ट पुन्हा घासा. मग कॉम्प्युटरचा अर्थ अँप्लिफायरच्याच बोल्टवर नेऊन बघा. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि ऑडिओची दुसऱ्या बाजूने गेली आहे ना, तेही पाहा. तरी शिट्टी राहिली तर इनपुट-आउटपुट वेगळे असलेला, आयसोलेटेड कन्व्हर्टर. ऑडिओ केबलमध्ये लावायचे छोटे ट्रान्सफॉर्मरही मिळतात. शिट्टी जाते, पण स्वस्तातला घेतला तर खालचे सूरही थोडे नेतो. माझ्या गाडीतली शिट्टी दुसऱ्या पायरीवर गेली.

‘थप्प’ असा आवाज चावी फिरवताक्षणी येत असेल तर तो वेगळा विषय. अँप्लिफायर कॉम्प्युटरच्या आधी जागा होतो आणि कॉम्प्युटर उठताना जे धक्के देतो ते ऐकवतो. त्याची उठवणारी वायर एसीसीऐवजी कॉम्प्युटरच्या ताब्यात दिली की थांबतं.

नव्या गाड्यांत

गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत थोडं जपून. काहींत रेडिओमागे लाल वायरच नसते, रेडिओला उठायचा निरोप डेटाच्या वायरीवरून येतो. तिथे एसीसी फ्यूज बॉक्समधून, फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढून देणारी छोटी खाच, लावून घ्यावी लागते. काहींत बॅटरीच्या मायनसवर सेन्सर बसवलेला असतो. अँप्लिफायरचा मायनस थेट त्या टर्मिनलवर लावला तर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो, म्हणून अर्थ बॉडीवरच. सिग्नलला इंजिन बंद करणाऱ्या गाड्यांत सेल्फ दिवसातून वीसदा लागतो, तेव्हा वर सांगितलेला दहा सेकंदांचा थांबा तिथे चैन राहत नाही, गरज होते. इलेक्ट्रिक गाडीतही बारा व्होल्टची छोटी बॅटरी बहुधा असतेच, सेल्फ आणि अल्टरनेटरच्या गोष्टी सोडल्या तर तिच्यावर यातलं बरंचसं लागू. नारिंगी वेष्टणाच्या केबलींपासून मात्र लांब. आणि वॉरंटी चालू असेल तर मूळ वायर कापायची नाही, तयार कपलर मिळतो तो मध्ये जोडायचा.

काम संपल्यावर एक मोजमाप करायचं. मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीचा मायनस आणि त्याची वायर यांच्यामध्ये ठेवायचा, चावी काढलेली, सगळं बंद. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. दार उघडं राहिलं की गाडी झोपत नाही, म्हणून कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने दाबून दार बंद असल्याचं तिला भासवायचं. बॉनेटला सेन्सर असेल तर त्यालाही तसंच फसवायचं. मग अर्धा तास थांबायचं, चहा होतो तेवढ्यात. निरोगी गाडीत आकडा २० ते ५० मिलिअँपिअरच्या मध्ये येऊन बसतो. माझा पहिल्यांदा २९० वर अडकला होता. एकेक फ्यूज उपटत गेलो, कॉम्प्युटरचा काढला तसा आकडा धाडकन खाली आला. टायमरचा रिले मी उलटा जोडला होता.